बेटावरून आणलेलं झाड

“तिथं नको, वर्तमानपत्रावर ठेवा. आणि आता हात लावू नका.”

“सर, तीन वर्षं मीच सांभाळतेय त्याला,” ती म्हणाली. “हात न लावता कसं सांभाळणार?”

तरी तिनं ऐकलं. डालड्याच्या डब्यात लावलेलं ते झाड तिनं प्रयोगशाळेच्या टेबलावर पसरलेल्या कागदावर ठेवलं आणि पदरानं गळ्याचा घाम टिपला. डिसेंबर होता, पण खाडीपासून कॉलेजपर्यंतची चढण हातात डबा घेऊन चढायची म्हणजे कुणालाही घाम फुटावा.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. मूळ बार्शीचा. जयगडच्या खाडीकाठी नव्यानंच निघालेल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आलो होतो आणि आल्या आल्या गावात माझी एक ख्याती झाली होती, की भोरे सरांना कुठलंही पान दाखवा, ते नाव सांगतात. ती ख्याती मी मोठ्या हौसेनं मिरवत होतो.

झाड हातभर उंच होतं. अंगठ्याएवढ्या जाड, मांसल, हिरव्या चार फांद्या. कडांवर गाठी आणि प्रत्येक गाठीवर काट्यांची जोडी. पान एकही नाही.

“निवडुंगच ना?” तिनं विचारलं.

“निवडुंग आपण कशालाही म्हणतो. खरं घराणं चिकावरून कळतं. चीक दुधासारखा निघाला तर एक घराणं, पाण्यासारखा निघाला तर दुसरं. दुधासारखा असेल तर जपायचं. कातडीला लागला तर आग होते, डोळ्यांत गेला तर त्याहून वाईट.”

घवाळी खिडकीपाशी काचा पुसत होते. कॉलेजचे शिपाई, साठीला टेकलेले. ते म्हणाले, “सर, माझ्या आजोळी, देवरुखाकडं, वईला अशीच निवडुंग असायची. आमच्या गावात वईला शेराची झाडं लावतात, पण तिकडं हीच.”

“कुंपणाचं निवडुंग डालड्याच्या डब्यात लावून कोण सांभाळेल, घवाळी?” मी हसत म्हणालो.

“सर, नाव नाही कळलं तरी चालेल,” ती म्हणाली. “ते कुठल्या देशात उगवतं तेवढं सांगा.”

मग तिनं सांगितलं. तिचं नाव कुंदा शिवलकर. बंदराजवळ राहायची, घरी सासू आणि पडवीत शिवणक्लास. नवरा जयेंद्र जहाजावर इंजिनखात्यात फिटर. तीन वर्षांपूर्वी शिमग्याला तो आठ दिवसांसाठी आला तेव्हा हे झाड घेऊन आला. एका बेटावर जहाज थांबलं होतं, तिथून आणलं म्हणाला. बेटाचं नाव तिनं विचारलं तर म्हणाला, तुला काय उच्चारता येणार? तेव्हा झाडाला वर एक पंखा होता. पोवळ्यासारखा वेडावाकडा, कडेनं झालरीसारख्या चुण्या पडलेला. पहिल्याच पावसात तो कुजून गळून पडला, पण खालून या फांद्या फुटल्या. वर्षभर त्याची पत्रं आली, मुंबईचा शिक्का असलेली. जहाजावरचं कुणी मुंबईला आलं की तिथून टाकायचं, असं तो सांगायचा. मग पत्रं थांबली. त्याला दोन वर्षं होत आली होती. कंपनीच्या एजंटानं सांगितलं, तो आमच्याकडून केव्हाच सुटला. कुठं गेला, माहीत नाही.

“ते बेट त्यांना फार आवडलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटतं तिथंच उतरले असतील. एकदा देश कळला की कुणाला तरी विचारता येईल. दर्ग्याजवळच्या निम्म्या घरांतली माणसं आखातात आहेत.”

मी रबरी मोजे घातले आणि ब्लेडनं एका फांदीला छेद दिला. दुधासारखा पांढरा चीक टपटपून खाली आला. “बघितलंत? पहिलं घराणं,” मी विजयी स्वरात म्हणालो. चष्मा घामानं नाकावरून घसरला होता, तो बोटानं वर सारला. काप कागदात गुंडाळला, मोजे उतरवले, साबणानं हात धुतले. सगळं शास्त्रशुद्ध. मग चष्मा काढला, रुमालानं काचा आणि दांडी पुसली आणि त्याच रुमालानं दोन्ही डोळे टिपले.

मोज्याचं बोट चष्म्याला लागलं होतं, हे लक्षात यायला पाच मिनिटं लागली. तोवर डोळ्यांत निखारे पेटले होते.

“चोळू नका!” ती ओरडली. घवाळी म्हणाले, एरंडेल आणतो. “काही नको, पाणी,” ती म्हणाली. तिनं माझं मानगूट धरलं, मला बेसिनपाशी नेलं, मान खाली दाबली आणि नळाला लावलेली रबरी नळी हातात घेतली. “डोळा उघडा ठेवा. उघडा, सर! लहान मुलासारखं करू नका.” तिचा एक हात माझ्या कपाळावर होता, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती पापणी वर धरून होती. पाणी संपेना आणि आग थांबेना. घवाळींच्या घड्याळानं अर्धा तास ती तशीच उभी राहिली. तिच्या साडीचा पुढचा सगळा घोळ भिजला होता, हे घवाळींनी मला नंतर सांगितलं.

डॉक्टर मुकादमांनी डोळे तपासले. “पाण्यानं धुतलं म्हणून वाचलात,” ते म्हणाले. “तूप, एरंडेल, कुणाच्या अंगावरचं दूध, काय काय घालून लोक येतात माझ्याकडे.” त्यांनी मलम घातलं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. चार दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खोलीच्या दारात पावलं वाजली. घवाळी होते आणि त्यांच्यासोबत ती.

“माझ्यामुळं झालं,” ती म्हणाली. “पेज आणलीय. आणि झाडही आणलंय. तुम्हाला दिसत नाही तर मी बघून सांगते. तुम्ही विचारा.”

घवाळी उंबऱ्यात बसले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. मी प्रश्न विचारू लागलो. काटे जोडीनं आहेत की झुबक्यानं? जोडीनं. गाठी सरळ रेषेत की पीळ घालत गेल्यात? थोडं थांबून ती म्हणाली, “पीळ घालत. वेणीसारख्या.” पान गळाल्याची खूण आहे का? आहे, गोल, तिळाएवढी. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर होती ती. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिसलं नसतं ते तिला दिसत होतं. मला अंधारात तिचा आवाज आणि बांगड्यांची किणकिण तेवढी ऐकू येत होती, आणि प्रश्न संपू नयेत असं वाटत होतं.

“आता अगदी खाली, मातीजवळ,” मी म्हणालो. “मुख्य खोड कसं आहे?”

“जाड आहे. वरती शेंडा कापल्यासारखा सपाट.” ती थांबली. “सर, इथं एक गंमत आहे. त्या सपाट जागेभोवती गोल व्रण आहे. दोन कापडं जोडून शिवण घातल्यावर दिसतं ना, तसा. शिवण उसवून वरचं कापड निघून गेलंय जणू.”

माझा हात नकळत डोळ्यांवरच्या पट्टीकडे गेला.

“सर? काही चुकलं का?”

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर सांगितलंत.”

तो पंखा या झाडाचा नव्हताच. तो दुसऱ्याच जातीचा, आणि तो या खोडावर बांधलेला होता. आपल्याकडे आंब्याचं करतात तसं कलम. अशी कलमं बेटांवर उगवत नाहीत, रोपवाटिकेत केली जातात. वरचं मेलं की खालचं आपलं आपण वाढतं. आणि खालचं जे होतं, ते घवाळींच्या आजोळच्या वईवरचं निवडुंग होतं.

हे सगळं मला त्या दुपारी, डोळे बांधलेले असताना, एका क्षणात कळलं. मी तिला सांगितलं मात्र नाही. स्वतःची समजूत घातली, की आधी डोळ्यांनी बघू, मग बोलू.

पट्ट्या निघाल्यावर मी बघितलं. शंकेला जागा नव्हती. तिनं एक जस्ताची पट्टीही आणून दाखवली, झाड आलं तेव्हा त्याला तारेनं बांधलेली. तिच्यावर ठोकून उठवलेला आकडा होता. तिला वाटत होतं ती बंदरावरच्या जकातीची खूण. मला ती पट्टी ओळखीची होती. पनवेलच्या अलीकडे एक मोठी रोपवाटिका होती, आधीच्या नोकरीत मी मुलांना तिथं सहलीला घेऊन गेलो होतो. तिथल्या प्रत्येक कुंडीला अशी पट्टी असायची.

“कळलं का सर?” तिनं विचारलं.

“फूल आल्याशिवाय नक्की सांगता येत नाही,” मी म्हणालो.

शास्त्र म्हणून ते अगदी खोटं नव्हतं.

“मग फूल येईपर्यंत मी दाखवायला आणत जाऊ?”

“आणा. शनिवारी मला अर्धा दिवस असतो.”

ती प्रत्येक शनिवारी आली. डबा टेबलावर ठेवायची, मी भिंगातून बघायचो, ‘अजून नाही’ म्हणायचो. मग घवाळी चहा करायचे. मी तिला भिंगातून शेवाळ दाखवलं, माशीचा पाय दाखवला, तिच्याच पदराचा धागा दाखवला. तिनं सूक्ष्मदर्शकाला शिवलेली खोळ आणून दिली, माझ्या शर्टाची कॉलर उलटवून दिली. ती बोलायची ते बहुतेक जयेंद्रबद्दल. तो किती मोठ्यानं हसायचा, शेवटच्या वेळी आला तेव्हा मात्र कसा गप्प होता, हाक मारली तरी कसं लक्ष नसायचं. ती बोलत राहावी म्हणून मी दुसऱ्याच्या नवऱ्याच्या गोष्टी मन लावून ऐकत होतो. शुक्रवारी मी केस कापून घ्यायचो. एका शनिवारी तिची सासू आजारी होती म्हणून ती आली नाही, तर दिवेलागणीपर्यंत मी प्रयोगशाळा उघडी ठेवून बसलो.

एकदा घवाळी म्हणाले, “सर, त्या बाईंना काय ते सांगून टाका.”

“काय सांगू?”

“मी अडाणी माणूस. पण वईची निवडुंग मला कळते.” एवढं बोलून ते कपबशा विसळायला गेले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती बुधवारीच आली. वर्ग चालू होता. दाराबाहेर डबा छातीशी धरून उभी राहिली, तिला शनिवारपर्यंत दम निघाला नव्हता. “सर, फूल!” फांद्यांच्या टोकांशी बारीक पिवळसर मणी उमलले होते. मी मुलांना सोडलं. भिंग घेतलं, उगीचच बराच वेळ बघत राहिलो. तिच्या तोंडावर असा आनंद होता की तो आणखी एक आठवडा लांबवावा असं क्षणभर मनात आलं. त्याच क्षणी मला माझी शिसारी आली.

“शिवलकरबाई, बसा,” मी म्हणालो. “हे झाड परदेशातलं नाही.”

मी सगळं सांगितलं. कोकणातल्या बाईला कलम म्हणजे काय हे समजवायला लागलं नाही. तिनं डबा फिरवून तो व्रण पुन्हा पाहिला, त्यावरून बोट फिरवलं.

“म्हणजे बेट नाही.”

“नाही. पनवेलजवळ रोपवाटिका आहे. ती पट्टी तिथली. ते तिथं असतील, किंवा तिथून त्यांनी झाड विकत घेतलं असेल. जहाजावरून मात्र आणलेलं नाही.”

मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल. नवरा खोटं बोलला होता. मी मनाशी कबूल करून टाकतो, तिनं चिडावं असं मला वाटत होतं. पण ती एकदम उभी राहिली.

“म्हणजे मधे समुद्र नाही,” ती म्हणाली. “एस.टी.नं जाता येईल!”

दारापर्यंत गेली आणि वळली. “सर, हे तुम्हाला फुलावरून कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “नाही,” मी म्हणालो.

“मग कधी?”

“तुम्ही ती शिवण सांगितलीत तेव्हा. पट्टी होती डोळ्यांवर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, मनातल्या मनात ती महिने मोजत असावी. मग निघून गेली. डबा टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती पनवेलला गेली. पाच दिवसांनी परत आल्याचं घवाळींकडून कळलं. शनिवारी ती येणार नाही असं धरून मी बसलो होतो, पण ती आली. खुर्चीवर बसली. चहा नको म्हणाली.

“तिथंच होते,” ती म्हणाली. “सव्वातीन वर्षं. मालक भला माणूस आहे. इंजिनखात्यात राहून यांचे कान गेले, सर. तपासणीत नापास झाले, कंपनीनं उतरवून दिलं. घरी सांगायची लाज वाटली. दर महिन्याला पत्र लिहायला बसायचे आणि फाडायचे, असं मालक सांगत होता. कलमं करायला तिथंच शिकले. हात फार चांगला होता म्हणे.”

“आता?”

“फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला काम सोडलं. कुणीतरी गुजरातेत वेरावळला होड्यांच्या इंजिनांचं काम आहे म्हणाला, त्याच्याबरोबर गेले. पत्ता नाही.”

फेब्रुवारीची पंधरा तारीख. मला माहीत असलेली गोष्ट मी तिला वेळेवर सांगितली असती, तर तिच्या हाताशी दोन महिने होते. ती हे बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

पुढच्या आठवड्यात ती वेरावळला जायला निघाली. सासूला नणंदेकडे ठेवलं होतं, शिवणयंत्र शेजारी दिलं होतं. मी एस.टी. थांब्यावर गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. वडाखाली ती एकटी उभी होती, पायाशी एक पिशवी आणि वळकटी.

“मी येऊ का बरोबर? शोधायला मदत होईल,” मी म्हणालो.

“नको सर.”

“मग जाऊ नका.” ते शब्द माझ्या तोंडून निघून गेल्यावरच मला ऐकू आले.

तिनं पायाशी असलेली पिशवी जवळ ओढली. मग सावकाश बोलू लागली. चिडून नव्हे, एखादी गोष्ट समजावून सांगावी तसं.

“तुम्ही मला शनिवारी का बोलावत होता, ते मला कळत होतं, सर. फुलासाठी कुणी भिंग घेऊन दोन तास बसत नाही. मला कळत होतं, आणि मी येत होते. उगीच सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका.”

मी तिची वळकटी उगीचच सरळ करून ठेवली.

“पण तेव्हाच सांगितलं असतंत ना, तर मी पनवेलला गेले असते, ते समोर भेटले असते. मी भांडले असते. तीन वर्षं आयुष्याची कुठं घालवलीत, असं विचारलं असतं. काय तो निकाल लागला असता आणि बहुतेक मी परत आले असते.” ती थांबली. “समोर असलेल्या माणसाला सोडता येतं. हरवलेल्याला नाही सोडता येत. आता तो माणूस कुठंतरी एकटा आहे, मागून हाक मारली तर त्याला ऐकूसुद्धा येत नाही. हे डोक्यात घेऊन मी इथं तुमच्याबरोबर चहा पीत कशी बसू?”

गाडी आली. मी वळकटी उचलून टपावर चढवली. ती खिडकीपाशी बसली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली आणि गाडी घाटीच्या वळणाला लागली.

तो तिला सापडला. वेरावळला नाही, त्याच्याही पुढं कुठल्याशा बंदरात, सात महिन्यांनी. घरोघर कपडे शिवून पोट भरत ती त्या किनाऱ्यानं गावोगाव फिरली होती. हे सगळं मला गावातल्या लोकांच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं. तिनं मला पत्र लिहिलं नाही आणि माझ्याकडे लिहायला पत्ता नव्हता.

दीड वर्षानं ती सासूला न्यायला आली. तेव्हा मी विद्यापीठाच्या परीक्षांसाठी कोल्हापुरात होतो. परत आलो त्या दिवशी घवाळींनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “शिवलकरबाई येऊन गेल्या. ते पण होते बरोबर. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या.”

“बऱ्या आहेत?”

“बऱ्या आहेत. तुमची चौकशी केली. लग्न झालं का, विचारत होत्या.”

“मग काय सांगितलंत?”

“म्हटलं, नाय झालं अजून.”

“मग काय म्हणाल्या?”

घवाळींनी बराच वेळ आठवल्यासारखं केलं. “काय म्हणायच्या, सर,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या सासूचा हात धरलेला होता. गाडीची वेळ झाली होती.”